आवाज झालाच नव्हता

रणधीरची आणि माझी पहिली भेट एका फुग्याच्या पोटात झाली, आणि त्या भेटीत मी त्याच्या कानाखाली वाजवली.

फुगा म्हणजे तारांगण. फिरतं. राखाडी कापडाचा, पंख्यानं हवा भरून उभा केलेला घुमट. नळीसारख्या तोंडातनं रांगत आत जायचं, मधोमध एक यंत्र, आणि डोक्यावर आख्खं आभाळ. मार्चमधल्या एका दुपारी तो तेरखेड्यात शाळेच्या पटांगणात डुलत उभा होता. सकाळचे खेळ पोरांचे, दुपारचा बायकांसाठी फुकट. फटाक्याच्या शेडवरच्या आम्ही पंचवीसजणी गेलो. ज्ञान मिळवायला नाही. आत गार वारं होतं म्हणून.

मी शिवकन्या. बारावी सायन्स, त्यापुढं शेड. सुतळी बॉम्बला सुतळी गुंडाळते. आमच्या गावात वर्षातनं दोन प्रकारची माणसं येतात. एक सांगतो, सगळं पोथीत आधीच लिहिलंय. दुसरा सांगतो, पोथीत काही नाही. दोघंही आमच्याच घरचं पाणी पितात, आमच्याच सतरंजीवर बसतात, आणि दोघांनाही वाटतं की आम्हाला डोकं नाही. हा दुसऱ्या प्रकारचा असणार, असं धरून मी मागं टेकून बसले होते.

अंधारात फक्त त्याचा आवाज होता. मऊ, जरासा घाईचा.

"आपलं विश्व कसं सुरू झालं, माहितीये का? आधी काहीच नव्हतं. आणि मग…"

त्यानं बटण दाबलं.

धडाम.

बंद जागेत. अंधारात. तेरखेड्यातल्या पंचवीस बायकांच्या मधोमध.

शेडवर पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवतात — आवाज आला की मागं बघायचं नाही, चपला शोधायच्या नाहीत, कुणाला हाक मारायची नाही. निघायचं. दार लांब होतं, म्हणून धुरपदाबाईनं कमरेची कागद कापायची सुरी काढली आणि घुमट चार हात उभा फाडला. चोवीसजणी त्या फटीतनं बाहेर. सगळं मिळून तुमचा एक श्वास होईल एवढ्या वेळात.

मी निघाले नाही. मी पालथी पडले, डोक्यावर हात घेऊन, आणि तशीच राहिले. पाय माझे नव्हतेच. सहा वर्षांपूर्वी असाच एक आवाज आला होता आणि त्यानंतर आबांच्या, माझ्या वडलांच्या, उजव्या हाताला दोनच बोटं राहिली. डावा कान तर पार गेला.

वरनं कापड हळूहळू आमच्यावर बसलं. आमच्यावर म्हणजे माझ्यावर आणि त्याच्यावर. यंत्र विझलं नव्हतं. कापडाखाली, वीतभर अंतरावर, एक तोंड होतं आणि त्या तोंडावर तारे होते. नाकावर दोन, गालावर डझनभर…

"कोण आहे?" तो म्हणाला.

"मी."

"मी म्हणजे?"

"जिला मारायला निघालावता, ती."

"लागलं का तुम्हाला?"

तेव्हा मी वाजवली. तारे हलले नाहीत, गाल हलला.

तो म्हणाला, "हे कशाबद्दल?"

"आवाजाबद्दल."

"मग ठीके," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी कापड उचलून धरलं.

बाहेर बायका पेटलेल्या. धुरपदाबाईच्या हातात सुरी तशीच.

"माफ करा," तो हात जोडून म्हणाला. "बाकीच्या गावांत ह्या आवाजाला टाळ्या पडतात."

"इथं माणसं पडत्यात," धुरपदाबाई म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. आपण कुठल्या गावात आलोय हे त्याला त्या क्षणी कळलं. तामलवाडीचा माणूस, एम.एस्सी. झालेला, जिल्हाभर टेम्पोतनं विश्व घेऊन हिंडणारा… आणि तेरखेड्यात काय पिकतं हे बटण दाबायच्या आधी सुचलं नाही.

मला मात्र राग सोडून वेगळंच काहीतरी टोचत होतं.

"ओ सर, ते कशात आवळलं होतं?"

"काय कशात?"

"तुमचं ते, सुरुवातीचं. दारू उघड्यावर पेटवली तर फुस्स करून जळती. आवाज पाहिजे तर तिला गच्च आवळावं लागतं. कागद, मग सुतळी, मग खळ, मग परत सुतळी. दिवसाला हजार आवळते मी. मग तुमचं ते कशात आवळलं होतं? आणि बाहेरनं आवळणारं काही होतं, तर ते आधी कुठनं आलं?"

मी असा प्रश्न विचारल्यावर शाळेतल्या मास्तरांनी 'बस खाली' म्हटलं असतं.

"बाहेर काही नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "बाहेर असं नव्हतंच. तो स्फोट नव्हता. सगळीकडं एकदमच पसरायला लागलं… अजून पसरतंय. धडाम असं काही झालंच नाही."

"मग लावलात कशाला?"

"लोकांना मजा येते."

"म्हणजे खोटं."

"हो."

नुसतं 'हो'. पुढं 'पण' नाही, 'तसं नाही' नाही. बावीस वर्षांत खोटं पकडल्यावर नुसतं 'हो' म्हणणारा पुरुष मी बघितला नव्हता. धडामनं नाही बसला एवढा धक्का मला त्या एका अक्षरानं बसला.

"इथनं पुढं माहिती आहे तेवढंच बोलायचं," मी म्हणाले. "नाही माहिती, तर नाही म्हणायचं. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, गाल चोळत.

फाटलेलं मीच नीट करून दिलं. आमच्या हातांना खळ आणि कापड नवीन नाही. तीन संध्याकाळी पटांगणात बसून आतनं ठिगळं लावली, बाहेरनं शिवण मारली. तो सुईत दोरा ओवून द्यायचा. तोही धड जमायचं नाही.

"एवढी बारीक छिद्रं असतात व्हय सुयांना?" तो म्हणायचा.

"अब्जावधी मैलांवरचं दिसतं, हे दिसत न्हाय?"

"जवळचं बघायला वेळ लागतो मला…"

असं म्हणून माझ्याकडं बघायचा, आणि मी मुद्दाम ठिगळाकडं. मान वर केली असती तर हसले असते, आणि हसण्याएवढी माफी अजून झाली नव्हती.

मजुरी म्हणून मी प्रश्न मागून घेतले होते. एका ठिगळाला एक.

"त्याच्या आधी काय होतं?"

"माहिती नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच. अंदाज आहेत, भांडणं आहेत."

"देव आहे का?"

"माहिती नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"तुम्हीच कबूल करून घेतलंय."

"मग सगळीकडं न्हायच म्हनाल व्हय?"

"विचारून बघा की दुसरं काही," तो म्हणाला. सुई त्याच्या बोटात, दोरा माझ्या. संध्याकाळचं ऊन पत्र्यावरनं उतरत होतं, आणि माझी गाठ दोनदा चुकली. मी दुसरं काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो शेडवर आला, खळीचा डबा परत द्यायला. बायका आत निघाल्या होत्या. आमच्या दारात एक ओलं गोणपाट असतं. प्रत्येकजण वाकून त्याला दोन्ही हात लावते, तेच हात कपाळाला, आणि मग अनवाणी आत. मालकानं नाही पाडली ही पद्धत, बायकांनी पाडली. येडाईचं नाव घेतात. येडाई म्हणजे येरमाळ्याची येडेश्वरी, आमच्या सगळ्या भागाची आई.

रणधीरचे डोळे चमकले. "अरे… हे तर अर्थिंग आहे. अंगावरची स्थिर वीज ओल्या गोणपाटातनं जमिनीत जाते. ठिणगी पडत नाही. बघा, तुमच्या पूर्वजांना विज्ञान माहिती होतं."

माझं डोकं फिरलं. हे वाक्य मी मोबाईलवर रोज वाचते. प्रत्येक टिळ्यामागं विज्ञान, प्रत्येक उपासामागं विज्ञान. लिहिणाऱ्याला ना टिळ्याची कदर, ना विज्ञानाची.

"पूर्वजांना काही माहिती नव्हतं," मी म्हणाले. "माहिती असतं तर आबांची बोटं राहिली असती. त्या दिवशी पण त्यांनी हात लावला होता गोणपाटाला. माझी आई इथं वाकती ती तुमच्या विजेसाठी न्हाय. आज सांजच्याला घरी जाऊ दे म्हणून वाकती. तिला तुमचं सर्टिफिकेट नको."

त्यानं डबा ठेवला आणि गेला. टेम्पो निघाल्याचा आवाज आला आणि मी दिवसभर सुतळी वाकडी गुंडाळली. धुरपदाबाई म्हणाली, "आगं, बॉम्ब करायलीस का वाती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडच्या वाटेवर उभा. रात्री तामलवाडीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होता आणि पहाटे एवढं अंतर परत आला होता.

"कालचं निम्मं परत घ्यायला आलोय," तो म्हणाला. "हात गोणपाटाला लागतो, त्यानं काय होतं ते मला माहिती आहे. ते परत घेत नाही. पण तोच हात मग कपाळाला का जातो… ते माझ्या पुस्तकात नाही. मी दोन्ही एकाच पिशवीत कोंबायला निघालो होतो."

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं बोलणारे मला पुष्कळ भेटले होते, माझ्या विरुद्ध बोलणारेही. माझं बोलणं रात्रभर घेऊन बसणारा कुणी भेटला नव्हता.

"चहा घेतला का?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग हे सगळं रिकाम्या पोटी?"

तेव्हा तो हसला, आणि मीही. माफी तिथं पुरी झाली.

पुढं तो दर रविवारी ठिगळं तपासायला यायला लागला. ठिगळं नीट होती. दोघांनाही माहिती होतं.

आम्ही एकाच जातीतले होतो. नसतो तर ही गोष्ट दुसऱ्याच पानावर गेली असती, हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाची अडचण वेगळीच निघाली. चैत्र लागला. येरमाळ्याच्या यात्रेत माणसं काळ्या रानातनं पांढरी चुनखडी वेचतात आणि एका ढिगावर नेऊन टाकतात. पाच खडे का होईना, प्रत्येकानं. त्याच चुन्यानं पुढं देवळाला रंग. आमच्या घरात त्याला आणखी एक जोड आहे. सोयरीक ठरायच्या आधी होणाऱ्या जावयानं आमच्याबरोबर ते खडे वेचायचे. माझ्या आजोबांनी वेचले, आबांनी वेचले. आबांनी माझ्या आईला विचारलं, "ते तारेवालं सर मानतंय का आईला? बोलाव त्याला. समोर बसवून इचारतो."

आई, हरणाबाई, मला चुलीपाशी घेऊन म्हणाली, "त्याला म्हनावं, गप व्हय म्हन. एवढ्याशा व्हयनं काय बिघडतंय?"

आणि मी, कबूल करून घेणारी मी, त्याला फोन केला.

"रणधीर सर… आबा विचारतील. एकदाच व्हय म्हणा. खोटं का होईना."



"तुम्ही सांगायलाव?" तो म्हणाला. "मला?"

मला इतकी लाज वाटली की फोन ठेवला. पण मागं घेतलं नाही. मला तो पाहिजे होता. खरं बोलून गेला तर काय करायचं होतं त्या खऱ्याचं मला?

रविवारी तो आला. आबा ओट्यावर बसलेले. आबांशी बोलायचं म्हणजे ओरडून. आमच्या घरातली कुठलीच गुपितं घरात राहत नाहीत. समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई शेंगा निवडत होती, त्या शेंगा तिनं कालच निवडल्या होत्या.

"सर," आबा म्हणाले, "आई येडेश्वरीला मानता का?"

मी दाराच्या आड. चौकट धरून.

"आबा, मला खोटं बोलायचं नाही," रणधीर म्हणाला.

"आं?"

"खोटं बोलायचं नाही म्हटलं!"

"मग खरं बोला की. मोठ्यानं."

त्यानं एकदा दाराकडं बघितलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "देवीनं हे जग निर्माण केलं असं मी मानत नाही!"

शेंगा थांबल्या. कुणाच्या तरी घरातला टीव्हीसुद्धा बारीक झाला. माझ्या कानात नुसतं घुं… संपलं, मी म्हणाले मनात. गेला.

आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं पोरानं काहीतरी भलतंच विचारल्यावर बघतात.

"कोन म्हनलं तिनं केलं?"

"आं?" आता ते रणधीर म्हणाला.

"तिनं जग केलं म्हून कोन सांगितलं तुमाला? म्या तर कवा म्हनलो न्हाय." आबांनी आईकडं वळून विचारलं, "तू म्हनलीस का गं?"

"मला भाकरी करायच्या हायत्या," आई म्हणाली.

"आई हाय ती," आबा म्हणाले. "आईला कुनी इचारतं व्हय, जग कुनी केलं म्हून? आईला हाक मारायची आस्ती. ते जग-बिग तुमचं काम. तुमी शोधा की. काय म्हंता मग, कसं झालं सुरू?"

मी चौकटीला धरूनच होते. आयुष्यभर ज्या माणसाच्या मांडीवर वाढले, त्याला मी ओळखत नव्हते. मी धरून चालले होते की आबांचं एक उत्तर आहे आणि रणधीरचं दुसरं, आणि दोन्हींची टक्कर होणार. आबांकडं उत्तरच नव्हतं. त्यांना कधी लागलंच नव्हतं.

रणधीरनं ओरडून ओरडून सांगितलं. सगळं कसं एका ठिकाणी होतं, म्हणजे ठिकाणच तेवढं होतं, कसं पसरलं, कसं तापलेलं होतं आणि मग निवत गेलं. "आणि आबा, आवाज झाला नाही!"

आबा एकदम पुढं झुकले.

"न्हाईच होनार," ते म्हणाले. "माझ्या येळंला पन झाला न्हाय."

"म्हणजे?"

"समदी म्हंत्यात दोन कोसावर ऐकू गेला. मला न्हाय गेला. म्या आत होतो ना… पयला उजेड. पांढरा. मग नुसतं गप. एवढं गप, की म्या हाय का न्हाय तेच कळंना. आवाज भाईरच्याला आस्तोय. आतल्याला न्हाय." त्यांनी दोन बोटांचा हात ओट्यावर ठेवला. "त्या गप्पात म्या आईला हाक मारली. कुनी केलं, कसं झालं, तसलं काय मनात न्हवतं."

सहा वर्षं. सहा वर्षांत त्यांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं. आईचे हात पिठात तसेच थांबले होते.

रणधीर ओरडायचं विसरला. हळूच म्हणाला, "आतल्याला आवाज नसतो… आपण सगळे आतलेच आहोत, आबा."

आबांना ते ऐकू गेलं की नाही, माहिती नाही. ते म्हणाले, "खडे येचता का न्हाय तेवढं सांगा."

"वेचतो!" तो ओरडला. "पण का वेचतोय ते मला माहिती नाही, असं म्हणून वेचतो!"

"मला तरी कुटं म्हाईतय. या पुनवंला. पुढचं तिथं बोलू."

येरमाळ्याला त्या दिवशी माणसांचा समुद्र. ऊन असं की काळं रान तव्यासारखं. सगळे अनवाणी. उदो उदोचा गजर, हळदीचा भंडारा, घाम, धूळ… आणि लाखभर माणसं खाली मान घालून काळ्या मातीत पांढरं शोधतायत. मी माझे पाच खडे वेचले, रांग रेटत ढिगाशी गेले, टाकले, हात जोडले. पाय भाजत होते. खरं सांगते, देवीपेक्षा सावली आठवत होती.

मागं वळून बघते तर रणधीर ढिगासमोर उभा. मुठीत खडे. टाकत नव्हता.

आबा चार हातांवर, आई त्यांच्याजवळ. मागची माणसं ढकलायला लागली. "ओ पाव्हणं, टाका की," कुणीतरी म्हणालं. इथवर येऊन हा आता नाही म्हणणार. आबांच्या डोळ्यांसमोर.

मी रेटत त्याच्याजवळ गेले. त्याचे डोळे भरलेले होते.

"काय झालं?"

"ह्यात कॅल्शियम आहे," तो म्हणाला.

"असंल. मग?"

"ते इथं तयार होत नाही, शिवकन्या. जमिनीत नाही, कुठंच नाही. ताऱ्याच्या पोटात होतं. तारा मरतो तेव्हा बाहेर पडतं." त्यानं मूठ छातीशी घेतली. "दोनशे वेळा सांगितलंय मी हे. अंधारात, बटणं दाबून. हातात घेऊन कधी उभा राहिलो नाही… ह्या सगळ्यांच्या हातात आहे ते. प्रत्येकाच्या. आणि मला टाकवतच नाहीये."

जन्मापासून इथं येणारी मी, पाय भाजतात म्हणून पाच खडे फेकून मोकळी झाले होते. आणि देव माहिती नाही म्हणणारा हा माणूस, पाच खडे छातीशी धरून, एवढ्या रेट्यात, देवळाच्या खांबासारखा उभा होता. आमच्यातलं भाविक कोण, असं त्या घडीला कुणी मला विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते.

"रणधीर," मी म्हणाले. नावामागचं 'सर' गळून पडलं होतं.

"हं?"

"पाय भाजायलेत माझे. टाक, नाहीतर धरून ठेव, तुझी मर्जी. पण आबांना विचारायचं ते आत्ता विचार."

"इथं?"

"इथं."

"ओरडावं लागंल…"

"मग ओरड की. तुला काय नवीन आहे?"

त्यानं घसा खाकरला. लाख माणसांच्या गजरात, घामानं निथळत, तो आबांकडं बघून ओरडला, "आबा, शिवकन्येला मागायला आलोय!"

"आं?" आबा म्हणाले.

"शिवकन्येला! लग्नासाठी!"

"काय म्हंतोय?"

तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज फाटला. तोवर आजूबाजूच्या अनोळखी बायका थांबल्या होत्या. एकजण म्हणाली, "ओ बाबा, व्हय म्हना की, पोरगं मरंल ओरडून."

आबा आईकडं बघून हसले. उजवा कान खाजवत म्हणाले, "पयल्या बारीलाच ऐकलं म्या. परत परत ऐकावं वाटलं."

रणधीरची मूठ अजून मिटलेलीच होती. मी ती माझ्या दोन्ही हातांत घेतली. उघडायला लावली नाही.